टेपच्या आतलं बोट

ये गं मेधा, अशी जवळ बस. तू तिकडे कोल्हापुरात आणि मी इथे बेंगळूरात बनशंकरीला, तरी बस. आधी मला जरा रागावू दे. सईच्या गुडघ्याचा रिपोर्ट हातात पडून आठ दिवस झाले, आणि मावशीला काल कळवतेस? तेही हुंदके देत. मी दोन शब्द बोलायला गेले तर म्हणे, “मावशी, तुला नाही कळायचं. तिचं फुटबॉल संपलं.”

मला नाही कळायचं? अगं, माझ्या माडीवर एक अख्खा कोरियन फुटबॉलपटू हाच गुडघा घेऊन दहा महिने राहिला! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहून पाठवते. मी शिकले आठवीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी घरी बसून गिरवलं. चुका तू सुधारून घे. पण मधे एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती शुद्धलेखनाची नाही. ती वगळून वाचायची नाही. आणि वाचून झालं की त्या दवाखान्याच्या बाकावर तुझ्यासारखीच कुणी आई बसलेली दिसली, तर तिलाही दे.

तर ऐक.

डॉक्टरांनी काळा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “एसीएल टेअर. कंप्लीट.”

इन्सूला इंग्रजी बेताचंच. पण ‘कंप्लीट’ त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही करू शकणार होते.

इन्सू म्हणजे तो कोरियन. इथल्या एका फुटबॉल क्लबने त्याच्यासाठी माझी माडी भाड्याने घेतली होती. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सरावात तो वळला, पाय जमिनीत रुतून राहिला आणि गुडघा तेवढा फिरला. दुसऱ्या दिवशी संघ परगावी सामन्याला निघून गेला. मॅनेजरचा मला फोन, “अक्का, स्वल्प त्याच्याबरोबर जाता का दवाखान्यात?” स्वल्प म्हणजे थोडंसं. माझं ते स्वल्प पुढच्या गणपतीपर्यंत चाललं.

डॉक्टरांनी दोन मुठी एकावर एक ठेवून मला समजावलं. अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी एक दोरी. आपल्या करंगळीएवढी. ती तुटली तर माणूस चालतो, जिना चढतो, ऑफिसात जातो. पण पळता पळता वळायला गेला की गुडघा निसटतो. आणि इन्सूचं अख्खं पोट पळता पळता वळण्यावर.

त्याने फोनमध्ये काहीतरी बोलून तो डॉक्टरांपुढे धरला. फोन इंग्रजीत बोलला: किती महिने?

“ऑपरेशननंतर नऊ,” डॉक्टर म्हणाले. “पळायचं चार महिन्यांनी, तेही मी सांगेन तेव्हा. त्याआधी मैदानात दिसलास, तर पुन्हा याच टेबलावर झोपशील.”

त्याने बोटांवर महिने मोजले. क्लबने त्याला सांगितलं होतं, गौरी-गणपतीच्या सुमारास नव्या हंगामाची चाचणी. तोवर जागा राखून ठेवतो. चाचणीत उतरलास तर तू, नाहीतर दुसरा परदेशी खेळाडू. त्याचं वय एकतीस. या वयात फाटका गुडघा घेऊन बाहेर पडलेल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही, असं तो परतताना रिक्षात मला म्हणाला. म्हणजे म्हणाला ‘थर्टी वन’, आणि गळ्यावरून बोट फिरवलं.

सूज उतरायला दोन आठवडे गेले, मग ऑपरेशन. मांडीच्या मागचा एक बारीक दोर काढून आतल्या तुटक्या दोरीच्या जागी बसवतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे शिवणीच्या आत दाबलेलं आपलंच जादा कापड काढून ठिगळ लावणं. ते हसले. “बरोबर, अक्का. पण हे ठिगळ आतल्या आत जिवंत व्हावं लागतं. मधल्या काळात ते सगळ्यात कच्चं असतं आणि पेशंटला मात्र वाटतं, मी बरा झालो.” हे वाक्य तू लिहून फ्रिजवर लाव, मेधा. मी नाही लावलं.

तुला ठाऊकच आहे, मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. आमची ओळखही त्यातूनच झालेली. राहायला आला त्या आठवड्यात हा सहा जर्सी घेऊन खाली आला. कुणाच्या पाठीवरची अक्षरं उसवलेली, कुणाची बाही. मी त्या जमिनीवर पसरल्या आणि न विचारता एकापुढे एक लावल्या. कापड सगळं सांगतं गं. पहिली शाळेची, छाती तीसची. समुद्राकाठच्या गावात बापाचं मासे सुकवायचं काम, आणि पोराला चेंडूच्या जोरावर वसतिगृहाच्या शाळेत जागा मिळाली. दुसरी मोठ्या क्लबची, अगदी नवीकोरी. मी विचारलं, धुतली नाहीस का कधी? तर म्हणाला, “बेंच, इमो. ऑल बेंच.” दोन वर्षं बाकावरच. तिसरी काखेत घामाने पिवळी पडलेली. त्यांच्याकडे प्रत्येक तरुणाला सरकारची सेवा करावीच लागते. हा दिवसा एका कचेरीत कागद लावायचा आणि संध्याकाळी खालच्या गटातल्या लहान क्लबकडून खेळायचा. सगळ्यात जास्त खेळला तो तिथे. मग दुसऱ्या दर्जाच्या दोन संघांच्या, मग थायलंडची, आणि सातवी, अंगावरची, आमच्या बेंगळूरची.

इमो म्हणजे त्यांच्याकडे मावशी. घरभाडं घेणाऱ्या बाईला इमो म्हणणारा भाडेकरू मला पहिल्यांदाच मिळाला.

खेळायचा मधल्या फळीत. मिडफिल्डर. मी विचारलं, गोल तू मारतोस? नाही. गोल अडवतोस? तेही नाही. मग करतोस काय? त्याने डाव्या हाताने हवेतलं काहीतरी घेतलं आणि उजव्या हाताने पुढे दिलं. म्हटलं, कळलं. तू अस्तर आहेस. ब्लाउज बघून कुणी अस्तराला छान म्हणत नाही, पण ते नसेल तर सगळं विरतं. फोनने त्याला त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण तो उठून मला कमरेत वाकून नमस्कार करून गेला.

ऑपरेशननंतर आठवड्यातून तीन दिवस बसवनगुडीला फिजिओथेरपी. तिथला बाक तू बघायला हवा होतास. सगळे साठीपुढचे, गुडघे बदललेले आजोबा-आज्ज्या, आणि त्यांच्यात हा ताडमाड. आल्या आल्या प्रत्येकजण विचारणार, “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का. तिसऱ्या आठवड्यात हा सगळ्यांना “आयतु, आयतु”, झालं झालं, म्हणत आत शिरायला लागला. एका आजोबांना फुटबॉलची फार आवड.

“काय रे, गोल मारलेस का कधी आयुष्यात?”

“स्वल्प,” इन्सू म्हणाला.

अख्खा बाक हसला. तोही हसला.

फिजिओथेरपिस्ट सुमा तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिने मला क्वाड्रिसेप्स शिकवलं. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू. गुडघा दुखावला की हा आधी वाळतो, आणि हा भरल्याशिवाय नव्या दोरीला आधार नाही. ती म्हणाली, “अक्का, तुम्ही टेलर ना? मी इथे वजनं आणि वाकणं बघते. टेपचं काम तुमचं. दर रविवारी दोन्ही मांड्या मापा. गुडघ्याच्या वाटीपासून चार इंच वर.”

मला तर अभिमानच वाटला! रविवारी सकाळी तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, मी खडूने खूण करायची आणि मापाच्या वहीत लिहायची. एका पानावर कुणाच्या ब्लाउजचा मुंढा, दंडघेर. समोरच्या पानावर इन्सूच्या मांड्या. पहिल्या रविवारी चांगला पाय सव्वाबावीस इंच, दुखरा सव्वावीस. दोन इंचांचा फरक. त्याने आकडा पाहिला आणि चांगल्या पायावरची चड्डी खाली ओढून घेतली, दोन्ही सारखे दिसावेत म्हणून.

मग फरक कमी होत गेला. पावणेदोन. दीड. सव्वा. संक्रांतीला एक. व्यायाम तो करायचा बैलासारखा. माडीवरून धाप ऐकू यायची. रविवारी मी आकडा सांगायच्या आधी माझं तोंड बघायचा. आणि मी आकडा सांगितला, की मी दिलेला जेवणाचा डबा उघडायच्या आधीच निम्मं पोट भरल्यासारखा दिसायचा. शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी फरक उरला फक्त पाव इंच. मी पुरणपोळ्या केल्या. त्याने पाच खाल्ल्या आणि वर चटणीपुडी, म्हणजे आपली कोरडी चटणी, मागितली.

पुढच्या बुधवारी सकाळी तो बागेतून परत आला तो कठड्याला धरून. गुडघा नारळाएवढा. कुणाला न सांगता तीन दिवस पळत होता. चार महिने व्हायचे होते अजून. पण वही सांगत होती ना, पाव इंच! डॉक्टर जास्तच सावध आहेत, असं त्याने धरलं. मीही मनात तेच धरलं होतं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. “इफ्यूजन.” म्हणजे आत पाणी साचलंय. “नवी दोरी शाबूत आहे की गेली, हे एमआरआयशिवाय सांगता येणार नाही.” फोटो लगेच काढला, रिपोर्ट तीन दिवसांनी. गेली असेल तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे त्याच्या वयाला, संपलंच.

तिथून सुमाकडे. तिने आपला टेप काढून मांड्या मापल्या. पुन्हा मापल्या. मग माझी वही पाहिली.

“अक्का, इथे एक इंचाचा फरक आहे. जास्तच. हे कोणी मापलं?”

“मीच. दाखवते ना.” मी टेप घेतला. चांगल्या पायाला गुंडाळला, आकडा बरोबर सव्वाबावीस. दुखऱ्या पायाला गुंडाळला. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं बोट आपोआप टेपच्या आत गेलं.

मेधा, ब्लाउजचं माप घेताना टेपच्या आत बोट ठेवायचं असतं. नाहीतर बाईला श्वास घेता येत नाही, हात वर करता येत नाही. चाळीस वर्षं ते बोट तिथेच राहिलेलं. चांगल्या पायाला मी टेप ओढून धरत होते, धडधाकट पाय, त्याला काय होतंय. दुखऱ्या पायावर टाके होते, सूज होती. तिथे बोट गेलं. पण तेवढंच असतं तर फरक दर आठवड्याला तेवढाच राहिला असता ना? सुमाने हळूच विचारलं, “अक्का, कधी कधी दोन बोटं?”

हो. पहिलं बोट सवयीचं होतं. दुसरं, तो माझं तोंड बघायचा म्हणून जात होतं.

बाकावरचे आजोबा त्या दिवशी इन्सूला जेवलास का विचारायचे थांबले. मी त्याच्या शेजारी बसले. फोनवर सांगायला गेले, तर फोनने काहीतरी भलतंच भाषांतर केलं, त्याला समजेना. मग मी टेप माझ्याच मनगटाला गुंडाळला. आधी बोट घालून, मग बोट काढून. दोन्ही आकडे त्याला दाखवले. त्याने पाहिलं. पुन्हा एकदा दाखव म्हणून खूण केली. मी पुन्हा दाखवलं. मग तो उठला, कुबड्या घेतल्या आणि रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी कसाबसा बसून घरी आला.

तीन दिवस खाली आला नाही. मी डबा पायरीवर ठेवायची, तो धुऊन परत यायचा. रिकामा यायचा, म्हणजे जेवत होता. एवढाच माझा आधार. त्या तीन दिवसांत मी मशीनवर बसले नाही. एका बाईची फॉल-पिको राहिली, ती येऊन बडबडून गेली. बडबड म्हटलं. तिचं बरोबरच होतं.

रिपोर्ट आला. ग्राफ्ट शाबूत. डॉक्टर म्हणाले, “नशीब. आता एक महिना पळणं हा शब्दसुद्धा नको.”

त्या रविवारी सकाळी जिन्यावर ठक ठक झालं. इन्सू येऊन खालच्या पायरीवर बसला. पाय लांब केला. मशीनच्या खणातून टेप काढून माझ्या हातात दिला.

“इमो. नो फिंगर.”

मी मापलं. एकवीस. वहीतल्या आधीच्या आकड्यापेक्षा इंचभर कमी. मी ते लिहिलं. तो माझ्याकडे न बघता, जुळवत जुळवत बोलायला लागला. शाळेच्या कोचने सांगितलं होतं, पुढच्या वर्षी तू देशाच्या संघात. मोठ्या क्लबच्या कोचने सांगितलं, पुढच्या सामन्यात तू. एजंटने सांगितलं, थोडं थांब, मोठी ऑफर येतेय. “एव्हरीबडी फिंगर,” म्हणाला. “इमो ओन्ली से, फिंगर.”

सगळ्यांनीच बोट घातलं होतं गं. घातलं होतं हे सांगणारी मी पहिली निघाले. याला माफी म्हणायची की काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही. मी आत जाऊन डोळे धुऊन आले आणि त्याला वाढलं.

पुढचे महिने खऱ्या आकड्यांचे. एकवीस. एकवीस. पुन्हा एकवीस. तीन-तीन आठवडे आकडा हलायचा नाही. मी तोच आकडा लिहायची, तोही माझं तोंड बघायचा नाही, सरळ वहीत बघायचा आणि म्हणायचा, “सरी.” इथे दुकानात, रिक्षात सगळे म्हणतात तसं. ठीक आहे. गुढीपाडव्यानंतर डॉक्टरांनी पळायला दिलं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. मी बागेच्या बाकावर बसून घड्याळ बघत होते, आणि दोन मिनिटं झाल्यावर “साकु! साकु!” म्हणून अशी ओरडले, की पलीकडे हसत बसलेला हास्यक्लब गप्प झाला. साकु म्हणजे पुरे.

चाचणी गौरीच्या आधी चार दिवस. त्या रविवारचं माप साडेएकवीस. पाऊण इंच अजून कमी. चाचणीत व्यायामाच्या मशीनवर पायाचा जोर बघितला, एका पायावर उड्या मारायला लावल्या. आकडे काठावर होते. मॅनेजर मनाने चांगला; त्याने इन्सूला बाजूला घेऊन सांगितलं, “वळताना दुखतं का, एवढंच आता डॉक्टर विचारतील. नाही म्हण, आणि सही कर. पुढचं बघून घेऊ.”

डॉक्टरांनी विचारलं, “वळताना काही? दुखणं, निसटल्यासारखं?”

इन्सू म्हणाला, “स्वल्प.”

झालं. जागा दुसऱ्याला गेली. घरी येऊन त्याने मला जसंच्या तसं सांगितलं आणि जेवायला बसला. मी म्हटलं, अरे, एक शब्द तर होता. नाही म्हणायचं होतंस! बघ, मी कशी आहे ती. माझं दुसरं बोट अजून टेपच्या आतून निघत नव्हतं. त्याने भाताचा घास तसाच ठेवला, अंगठा आणि बोट जवळ आणून पाऊण इंच दाखवलं आणि म्हणाला, “माय लेग, इमो.”

गौरी जेवून तो गेला. जाताना जर्सी न्यायला आला तेव्हा माझा टेपही मागितला. चाळीस वर्षांपूर्वीचा नव्हे गं, पण बराच जुना, कडा मऊ झालेला. दिला.

मग पाच महिने नुसते जेवणाचे फोटो. आणि फेब्रुवारीत एक व्हिडिओ आला. त्याच्याच गावचा लहानसा क्लब, तिसऱ्या दर्जाचा. समुद्राचा वारा एवढा, की कोपऱ्यातले झेंडे आडवे. बघायला म्हातारे-म्हाताऱ्या, पांघरुणं घेऊन बसलेले. त्यांत त्याचा बापही असणार, पण मला ओळखू येईना. शेवटची दहा मिनिटं उरली असताना हा आत आला. गोल नाही मारला. चेंडू घेतला, पुढे दिला. पुन्हा घेतला, पुन्हा दिला. एकदा समोरचा अंगावर धावून आला आणि हा उजव्या पायावर, त्याच पायावर, गर्रकन वळला. मी खुर्चीतून उठले. काही झालं नाही. चेंडू पुढे गेला, सामना पुढे गेला, कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मी वाजवली.

खाली लिहिलं होतं: सव्वाबावीस. नो फिंगर.

तर मेधा, सई सतरा वर्षांची. जे एकतिसाव्या वर्षी त्या गुडघ्याने केलं, ते सतराव्या वर्षीचा गुडघा करील की नाही, मला माहीत नाही. बघ, मी सांगत नाहीये, करेलच म्हणून. तूही तिला सांगू नकोस. शाळेच्या सामन्यापर्यंत बरी होशील, असं तर मुळीच नाही. टाक्यांवर हळद नाही, तेलाची मालिश नाही, शेजारणीने कितीही सांगितलं तरी. तिला विचारू दे, आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हण. तुझं तोंड ती बघत असणार. रडायचं असेल तर तिच्यासमोर रड, पण खोटा आकडा सांगू नकोस.

आणि ये. ऑपरेशनच्या तारखेआधी एकदा तिला घेऊन ये. माडी रिकामी आहे, पण चौदा पायऱ्या तिला नकोत. मी खाली मशीनच्या खोलीत पलंग लावून घेतलाय. येताना तिची खेळायची चड्डी आण. नवा टेप घेतलाय मी, त्याच्या कडा अजून बोचतात. दुखऱ्या पायाला मापताना तू माझ्या हाताकडे बघत राहा, आणि बोट आत जाताना दिसलं की हातावर एक चापट मार. लवकर या दोघी.